मुंग्या हाताला, पट्टा मानेला

चाळिशी-पन्नाशीतली बाई हाताला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात जाते तेव्हा तिला काय मिळतं, हे मी पंचवीस वर्षं पाहतो आहे. मानेचा एक्स-रे मिळतो. बी-बाराची इंजेक्शनं मिळतात, एक दिवसाआड एक. गळ्यात घालायचा पट्टा मिळतो. गोळ्यांची एक पट्टी मिळते, आणि निघताना सल्ला : उशी वापरू नका, जड उचलू नका, टेन्शन घेऊ नका. यात सहा महिने जातात, कधी तीन वर्षं जातात. मग कधीतरी बीपीच्या गोळ्या बदलून घ्यायला ती माझ्यासमोर बसते, बोलता बोलता मुंग्यांचा विषय निघतो, आणि मी "बघू" म्हणालो की ती मान पुढे करते. सवय झालेली असते.

तिच्या मनगटाला आजवर कुणी हात लावलेला नसतो. हे अज्ञानामुळे होतं असं मला वाटत नाही. कार्पल टनेल सिंड्रोम हा आजार वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येकाला शिकवला जातो, तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. त्याच्या निदानाला बहुतेक वेळा यंत्र लागत नाही, चार प्रश्न लागतात. ते प्रश्न विचारले जात नाहीत, आणि ही गोष्ट मला क्षम्य वाटत नाही. कारण ही नस फार काळ दबून राहिली तर अंगठ्याच्या बुडाशी असलेले स्नायू वाळतात. वाळलेले स्नायू पुन्हा भरून येतीलच असं कुणी सांगू शकत नाही.

नेमकं दबतं काय?

मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळाचा पट्टा बसतो त्याच्या किंचित पुढे, तळहाताच्या सुरुवातीला एक अरुंद बोगदा आहे. त्याची जमीन आणि भिंती म्हणजे मनगटाची छोटी छोटी हाडं. छत म्हणजे एक जाड, आडवा, न ताणला जाणारा पट्टा. या बोगद्यातून बोटं आणि अंगठा मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्यांच्या सोबत एक नस जाते, मिडियन नर्व्ह. (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नाही. संवेदना आणि हुकूम वाहून नेणारा मज्जातंतू.) दोऱ्यांवरची आवरणं जाड झाली, अंगात पाणी साठलं, मनगटाचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं, काहीही झालं तरी जागा तेवढीच राहते. दोऱ्या चिवट असतात, त्यांना दाब चालतो. नसेला चालत नाही.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची संवेदना सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही. म्हणून पहिला प्रश्न : करंगळीला मुंग्या येतात का? गंमत अशी की बहुतेक लोक पहिल्यांदा "सगळ्या हाताला येतात" असंच सांगतात. त्यांना म्हणावं, आज रात्री जाग आली की एकेक बोट चाचपून बघा आणि सकाळी कागदावर हाताचं चित्र काढून तेवढाच भाग रंगवा. चित्र बरंचसं सांगून जातं.

दुसरा प्रश्न वेळेचा. हा त्रास रात्रीचा आहे. झोपेत आपण मनगट दुमडून, हात गालाखाली किंवा उशीखाली घेऊन झोपतो. दुमडलेल्या मनगटात बोगद्यातला दाब वाढतो. दोन-तीन वाजता जाग येते, हात बधिर, जड, आतून जळजळणारा, कधी कळ कोपरापर्यंत किंवा खांद्यापर्यंत चढते. (कळ वर चढते म्हणूनच लोक मानेकडे वळतात.) दिवसा स्कूटरचं हँडल धरल्यावर, फोन कानाला लावून बोलताना, बसमध्ये वरचा दांडा धरून उभं राहिल्यावर तेच होतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात प्रिय आहे : जाग आल्यावर तुम्ही काय करता? रुग्ण बोलत नाही, करून दाखवतो. थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतो. हे झटकणं ज्याने दाखवलं त्याच्या मानेचा एक्स-रे काढण्याआधी थांबलं पाहिजे.

चौथा प्रश्न : वस्तू हातातून सुटतात का? कप, चमचा, सुई. साडीची पिन लावता येत नाही, ब्लाउजचं बटण लागत नाही, नाणं जमिनीवरून उचलता येत नाही.

घरी करून बघण्यासारखी एक तपासणी आहे. नमस्काराच्या उलट, दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवायच्या, बोटं खाली, कोपरं बाहेर, आणि एक मिनिट तसंच राहायचं. त्याच तीन-साडेतीन बोटांना मुंग्या आल्या तर संशय बळावतो. अमेरिकेतले डॉ. जॉर्ज फेलन यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. त्यांनी १९५० पासून या आजारावर सातत्याने लिहिलं आणि तो जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत आणला. तपासणी शंभर टक्के खरी नाही. पण फुकट आहे, आणि एका मिनिटाची आहे.

मान कशी काय मधे आली?

मानेत काहीतरी सापडतंच, म्हणून. चाळिशीनंतर मानेच्या मणक्यांत झीज दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे. १९९० मध्ये अमेरिकेत ६३ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. या कुणालाही मानेची काहीच तक्रार नव्हती. चाळिशी ओलांडलेल्यांपैकी जवळपास ६० टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या पातळीवर मणक्यामधली गादी झिजलेली दिसली. म्हणजे वाटेवरून जाणाऱ्या कुणाही पन्नाशीच्या माणसाला आत बोलावून फिल्म काढली, तर त्याला 'स्पॉन्डिलायटिस' हा शब्द देता येईल. तो शब्द एकदा फाइलवर लिहिला गेला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच वाचतो, आणि रुग्णही "मला स्पॉन्डिलायटिस आहे" अशीच सुरुवात करतो.

मानेतली नस खरोखर दबते, हे मला मान्य आहे. पण त्याचं वागणं वेगळं असतं. कळ मानेतून निघून दंडातून खाली येते, मान एका बाजूला वळवली किंवा मागे नेली की वाढते. रात्री हात झटकून ती थांबत नाही. क्वचित एकाच माणसात दोन्ही असतात. तेव्हाही मनगट तपासावंच लागतं.

पट्ट्याबद्दल एवढंच म्हणतो की महिनोन्‌महिने मान बांधून ठेवल्याने मानेचे स्नायू दुबळे होतात आणि मनगटाला काडीचाही उपयोग होत नाही.

व्हिटॅमिनचा उद्योग

इथे मला थोडं सांभाळून लिहावं लागेल, कारण बी-बाराची कमतरता आपल्याकडे खरंच भरपूर आहे. शाकाहारी घरांत आहे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आहे. ती रक्ततपासणीत सापडली तर बी-बारा द्यायलाच हवं. पण त्या कमतरतेच्या मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात, दोन्ही बाजूंना सारख्या असतात, आणि रात्री अडीच वाजता ठरावीक साडेतीन बोटं धरून बसत नाहीत. तपासणी न करता, करंगळीचं न विचारता, हाताला मुंग्या म्हणून इंजेक्शनांचा कोर्स सुरू करणं याला उपचार म्हणत नाहीत. रुग्णाला काहीतरी दिल्याचं समाधान मिळतं, देणाऱ्यालाही मिळतं. आपल्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही असं मानणारे रुग्ण आहेत, हेही या गोष्टीचं एक अंग आहे.

बी-सिक्सची कथा तर शिकण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत काही संशोधकांनी कार्पल टनेल हा बी-सिक्सच्या कमतरतेचा आजार आहे असा दावा केला. पुढच्या नीट केलेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. उलट १९८३ मध्ये, रोज दोन ते सहा ग्रॅम इतक्या प्रचंड मात्रेत बी-सिक्स घेणाऱ्या सात जणांच्या नसा त्यामुळेच बिघडल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या गोळ्यांत एवढी मात्रा नसते. तरीही मुंग्यांसाठी म्हणून दिलेलं जीवनसत्त्व जास्त झालं तर मुंग्या आणतं, हे वर्षानुवर्षं मनानेच गोळ्या चालू ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. वेदनाशामक गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचाही या आजारात उपयोग झालेला दिसत नाही.

"शुगरमुळे आहे" हे दुसरं तयार उत्तर. मधुमेहाने नसा खराब होतात त्या पायाच्या बोटांपासून. बधिरपणा वर चढत गुडघ्याच्या आसपास पोचतो तेव्हा कुठे हातांची पाळी येते. ज्या मधुमेही माणसाचे पाय ठीक आहेत आणि हात रात्री बधिर होतात, त्याचं मनगट बघा. मधुमेहात कार्पल टनेलचं प्रमाण जास्त असतं, आणि त्यावर उपचार होतो. तसंच थायरॉइडचं. थायरॉइड मंदावलेल्या बाईला गोळी सुरू केल्यावर हाताच्या मुंग्या गेल्या, असं पुष्कळदा पाहायला मिळतं. संधिवातातही हा त्रास होतो. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप निवळतो. तेवढे दिवस रात्री पट्टी बांधली की भागतं.

बायकांचं दुखणं

पुरुषांच्या तुलनेत बायकांत हा आजार सुमारे तिप्पट आढळतो. निदानाची हेळसांड याच आजारात एवढी का, याचं निम्मं उत्तर मला या आकड्यात दिसतं. "घरकामाने होतं", "वय झालं", "पाळी जायच्या वेळी असं होतंच", "अंगात रक्त कमी आहे" ही वाक्यं घरातली माणसं बोलतात आणि दवाखान्यातही बोलली जातात. सकाळी पाचला उठून पंचवीस भाकरी थापणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या, दूध काढणाऱ्या बाईला "हाताला आराम द्या" असं सांगून पाठवणं म्हणजे तिला काहीच न सांगणं आहे. आराम लिहून देता येत नाही. तिच्या जागी भाकरी कोण थापणार हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

आणि सगळा दोष कामावर टाकणंही चुकीचं आहे. जोर लावून वारंवार पकडणं, हादरे देणारी यंत्रं हातात धरणं, यांनी धोका वाढतो हे खरं. पण ज्या संगणकाला सगळे शिव्या घालतात त्याच्याविरुद्धचा पुरावा बराच कच्चा आहे. डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्या हजारो लोकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कीबोर्डमुळे हा आजार होतो असं ठामपणे दिसलं नाही. बोगद्याची जन्मजात घडण, वजन, वय, हार्मोन यांचा वाटा मोठा आहे. ज्या आयटीतल्या मुलाला महागडा माउस घेऊन बरं वाटत नाही, त्याने थायरॉइड आणि शुगर तपासून घ्यावी.

"आता बरं आहे, दुखत नाही"

या वाक्याची मला धास्ती वाटते. सुरुवातीला मुंग्या येतात आणि जातात. पुढे दिवसाही राहतात. नसेचे धागे आणखी मरत गेले की मुंग्या आणि कळा कमी होतात, कारण तक्रार करणारेच उरत नाहीत. बोटं कायमची बधिर राहतात. रुग्णाला वाटतं इंजेक्शनं लागू पडली. डॉक्टरलाही तसंच वाटायला हरकत नसते. इकडे तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजतं आणि फोड दिसेपर्यंत कळत नाही.

आत्ता, हे वाचताना, दोन्ही तळहात शेजारी ठेवून बघा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे तो दोन्हीकडे सारखा आहे का? एका बाजूला तो बसका, खळगा पडल्यासारखा दिसत असेल, किंवा तळहात वर करून टेबलावर ठेवल्यावर अंगठा छताकडे उचलून धरता येत नसेल, तर पट्टी, मालीश, शेक यांत एकही महिना घालवू नका.

उपचार, स्वस्तापासून

सौम्य त्रासाला पहिला उपचार रात्रीची पट्टी. मनगट सरळ ठेवणारी, आत धातूची किंवा प्लास्टिकची कडक पट्टी असलेली. ती काही शे रुपयांत मिळते. नुसता इलास्टिकचा घट्ट पट्टा नको, तो उलट दाब वाढवतो. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्यांतली धातूची पात मागे वाकवलेली असते. ती काढून हाताने सरळ करून परत घाला, कारण मनगट मागे वाकलं तरी बोगद्यातला दाब वाढतोच. निदान सहा आठवडे, रोज रात्री. दिवसा कामात बांधायची गरज नाही. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून फेकून देणारे खूप भेटतात.

दुसरा उपचार म्हणजे मनगटात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, जाणकार हाताने. 'स्टिरॉइड' ऐकून लोक दचकतात. हे एका जागी दिलेलं एक इंजेक्शन आहे, वर्षभर घेतलेल्या गोळ्या नाहीत. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, तेवढं लक्ष ठेवायचं. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शन आणि रात्रीची पट्टी यांची तुलना केली गेली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले जास्त बरे होते, सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखे होते. पटकन आराम हवा असेल तर इंजेक्शन उपयोगी आहे. पण ते पुन्हा पुन्हा घेत बसण्याचा आजार हा नाही.

तिसरा, शस्त्रक्रिया. त्या बोगद्याचं छत कापून जागा मोकळी करायची, एवढीच ती आहे. बहुतेक वेळा हाताची जागा बधिर करून होते, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. नेदरलँड्समध्ये २००२ साली पट्टी आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८० टक्के आणि पट्टी बांधणाऱ्यांपैकी ५४ टक्के बरे होते. दीड वर्षानंतर हे आकडे ९० आणि ७५ झाले, पण तोवर पट्टीच्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली होती. या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेतो. ज्याला नुकताच त्रास सुरू झाला आहे त्याला थेट टेबलावर घेणाऱ्या सर्जनला "आधी पट्टी बघू का?" असं विचारायला लाजू नका, कारण निम्म्यांचं त्यावर भागतं. आणि ज्याचं भागत नाही त्याला दोन-दोन वर्षं पट्टीवर झुलवत ठेवू नका.

नाही म्हणण्याची कारणं मी सगळी ऐकली आहेत. सुगी झाल्यावर बघू. पोरीचं लग्न झाल्यावर. पावसाळ्यात जखम चिघळते. उजवा हात आहे, वाया गेला तर? मावशींच्या शेजारणीचा हात नंतर दुखतच राहिला. शेवटचं पूर्ण खोटं नाही. जखमेच्या आजूबाजूला तळहात काही आठवडे, कधी काही महिने दुखतो, पकड पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेत असतात ते धोके इथेही थोड्या प्रमाणात असतातच. ते सर्जनने आधी सांगायला हवेत. पण हात वाया जाण्याची मोठी शक्यता नस दबलेली ठेवण्यात आहे. शस्त्रक्रियेआधी नसेच्या वहनाची तपासणी, एनसीव्ही, करून घेतात. त्यातून नस किती दबली आहे हे कळतं आणि निदान पक्कं होतं. सौम्य आजारात ती तपासणी कधी कधी नॉर्मलही येते, म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही.

खासगीत खर्च परवडत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभागात विचारा.

हातातल्या प्रत्येक मुंग्या कार्पल टनेलच्या नसतात, हेही लिहायला हवं, नाहीतर उद्यापासून सगळेच पट्टी बांधतील. करंगळी आणि अनामिका बधिर असेल तर दुसरी नस कोपराशी दबलेली असू शकते. एक हात अचानक लुळा-बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात. घड्याळ बघा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि एक जी महाराष्ट्रात विसरून चालत नाही : बधिर भाग दुखतच नसेल, अंगावर फिकट किंवा लालसर, न कळणारा चट्टा असेल, कोपराशी नस दोरीसारखी जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

शस्त्रक्रियेनंतर रात्रीची झोप बहुधा लगेच परत येते, पुष्कळांना पहिल्या आठवड्यातच. बोटांचा बधिरपणा जायला आठवडे, कधी महिने लागतात. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. तोवर बोटं हलवत राहायची, हात खाली लोंबकळत ठेवायचा नाही. भाकरी थापण्याचा, पिळण्याचा जोर लावायला दीड-दोन महिने थांबा. ज्यांचा उंचवटा आधीच वाळला होता त्यांच्या मुंग्या जातात, पण अंगठ्याची ताकद कमीच राहू शकते. डॉक्टरकडे जाताना रंगवलेलं हाताचं चित्र सोबत न्या, आणि मानेच्या फिल्मची पिशवी घरी राहिली तरी चालेल.